तारखेची पुडी

सरकारी कागदावर मी आशा स्वयंसेविका आहे. गावात मला गोळीवाली म्हणतात, आणि पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता सोडून पाच किलोमीटर आत चढलं की आमची वाडी लागते. एसटी दिवसातून दोनदा येते, पावसाळ्यात एकदा, आणि तीही दरड नसली तर. आरोग्य केंद्राला डॉक्टर आहे, पण त्याच्याकडे दोन केंद्रं आहेत, त्यामुळे तो नेहमी दुसऱ्या केंद्रात असतो. थायरॉइडचं रक्त तपासायचं तर महाड गाठावं लागतं. अशा जागी लोकांना शहाणं करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

बायका गोळ्या घ्यायला विसरतात, असं वरचे लोक मीटिंगमध्ये सांगतात. ते खरं नाही. बायका गोळी घेतली की नाही हे विसरतात. पहाटे उठून चूल, पाणी, गुरं, पोरांची शाळा, एवढं सगळं उरकेपर्यंत गोळी आजची होती की कालची, हे कुणाच्या लक्षात राहणार? एकीने संशय नको म्हणून तीन दिवसांच्या एकदम घेतल्या आणि दिवसभर ओकत बसली. तेव्हा मला पुडीची युक्ती सुचली.

पतपेढ्या जानेवारीत रोज पान फाडायची कॅलेंडरं वाटतात. उरलेली मी मागून आणते. प्रत्येक बाईला एक कॅलेंडर. महिन्याची पानं आधीच फाडायची आणि त्या त्या तारखेच्या पानात त्या दिवसाच्या गोळ्या घालून पुडी बांधायची, देवळातला अंगारा बांधतात तशी. तारीख वर दिसली पाहिजे. सकाळी आजची पुडी उघडायची, गोळ्या गिळायच्या, पान चुलीत टाकायचं. पुडी डब्यात असली तर घेतली नाही, नसली तर घेतली. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही आकडा कळतो. तालुक्याच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या, मला शाल दिली, आणि तालुक्यातल्या सगळ्या आशांनी मंजुळाताईंसारख्या पुड्या बांधाव्यात असं जाहीर केलं. ती शाल मी वापरत नाही, पण कुणी घरी आलं की दिसेल अशी ठेवते.

पुडीतली पहिली बाई निशिगंधा. तिला एक मुलगी आहे, समीक्षा, नऊ वर्षांची. नवरा राजेश मुंबईला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, घरी सासू काशीबाई. समीक्षाच्या पाठीवर निशिगंधाला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेले. त्या वेळी महाडला तपासण्या झाल्या आणि थायरॉइड निघालं. तोंड सुजलेलं, केस झडलेले, आवाज जाडा झालेला, उन्हातही अंगात थंडी. आम्हाला वाटत होतं बाई आळशी झालीय. मीही तसं म्हटलं होतं, आणि तिच्यासमोर म्हटलं होतं.

तेव्हापासून तिला थायरॉइडची छोटी पांढरी गोळी सुरू झाली. रक्त कमी होतं म्हणून सरकारी लाल गोळी माझ्याकडून. पांढरी गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची असते, हे मला माहीत होतं. गावात ते माहीत असणारी मी एकटीच, याचा मला अभिमानही होता. म्हणून मी पांढरी आणि लाल एका पानात बांधायची आणि बजावायची, डोळे उघडले की आधी पुडी, मग चहा. निशिगंधाने एक दिवस चुकवला नाही. पुढल्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले. पुन्हा तिसऱ्या महिन्यात गेले. महाडच्या डॉक्टरांनी थायरॉइड अजून वर आहे म्हणून पांढऱ्या गोळीची ताकद वाढवली. मी नवी गोळी पुडीत घातली.

त्यानंतर तिला पाळी सुरू झाली की थांबेना. दहा दिवस, बारा दिवस. काशीबाई नदीवर पहाटेच जाऊन कपडे धुऊन आणायची, लोकांनी बघू नये म्हणून. ती सासू म्हणून बरी की वाईट हे मी सांगत नाही, पण त्या कपड्यांना तिने सुनेला हात लावू दिला नाही. तिची धाकटी बहीण शिवथरला दिली होती. ती अशीच अंगावरून जाऊन जाऊन चाळिशीच्या आत मेली. म्हणून महाडच्या डॉक्टरांनी गर्भाची पिशवी काढायचा विषय काढला तेव्हा काशीबाईने दुसरा प्रश्न विचारलाच नाही. नातू नको, सून राहू दे, एवढंच ती म्हणाली. राजेश फोनवर हो म्हणाला. निशिगंधाला कुणी विचारलं नाही, आणि कुणीमध्ये मीही आले. ती तेहतीस वर्षांची होती आणि तिला अजून एक मूल हवं होतं.

अडचण एकच होती. हिमोग्लोबिन सात पॉइंट एक. डॉक्टर म्हणाले, दहा झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. काशीबाई महाडहून आली ती सरळ माझ्या दारात.

"मंजुळे, तिचं रगत धावर आणून दे," ती म्हणाली. "मला बाकी काय नको."

मी म्हटलं, तीन महिने द्या. मला असं काम आवडतं. आकडा ठरलेला, मुदत ठरलेली, आणि आपलं नाव होणार. मी पुडीत लालच्या दोन गोळ्या केल्या. महिन्याच्या महिन्याला उपकेंद्रातलं मशीन घेऊन तिच्या घरी जायची आणि बोट टोचायची. पहिल्या महिन्यात सात पॉइंट सहा. दुसऱ्या महिन्यात आठ पॉइंट चार. तिसऱ्यात नऊ पॉइंट एक. पाळीही बारावरून सातवर, मग पाचवर आली. तोंडाची सूज उतरली, आवाज मोकळा झाला. मी गावभर सांगत सुटले. दुसऱ्या आशांना फोन करून सांगितलं. बोट टोचताना निशिगंधाचा चेहरा मात्र पडलेला असायचा, आणि आकडा ऐकला की आणखी पडायचा. मला वाटायचं, सुई दुखत असेल.

डॉक्टरांनी नऊवर समाधान मानलं. एक बाटली रक्त चढवू आणि करून टाकू, म्हणाले. लावणीच्या आधी तिला दोन महिने विश्रांती मिळावी म्हणून काशीबाईने पुढचाच गुरुवार मागून घेतला.

त्या गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी निशिगंधा माझ्याकडे आली. पदराखाली स्टीलचा डबा होता. तिने झाकण काढून तो माझ्यासमोर ठेवला. आत सगळ्या लाल गोळ्या. तीन महिन्यांच्या, सगळ्या.

"ताई, मी लाल गोळी खाल्लीच नाय," ती म्हणाली. "पांढरी तेवढी खाल्ली. लाल रोज काढून ठेवली. रगत धावर जाऊ नये म्हणून."

मी काही बोलायच्या आत तिने पुढचं सांगून टाकलं. तिचं म्हणणं असं, की गोळ्या पोटात गेल्याच नाहीत, म्हणजे नऊ हा आकडा खोटा आहे. मशीन बिघडलंय. मी डॉक्टरांना जाऊन सांगावं की हिच्या अंगात रक्त नाही, आणि गुरुवार पुढे ढकलावा. ती हे इतकं सरळ सांगत होती की मला आधी कळलंच नाही, आपण रागावलोय.

मग मात्र मी तोंड सोडलं. सरकारच्या गोळ्या काय शोभेला देते का मी, घरोघरी उन्हातान्हात काय मजा म्हणून फिरते का, तू मेलीस तर तुझ्या पोरीला कोण बघणार, सगळं बोलून घेतलं. ती ऐकत राहिली. बोलून दमले तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. हिने एक लाल गोळी खाल्ली नाही, तर रक्त वाढलं कुठून? मशीन मी रोज वापरते, तेव्हाही ते माझ्याकडेच होतं. तिचं बोट तिथेच पुन्हा टोचलं. नऊ पॉइंट दोन. माझं स्वतःचं टोचलं. ते नेहमीएवढंच. मशीन ठीक होतं.

केंद्रातल्या सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, पालेभाजी खाल्ली असेल. तीन वर्षं गोळ्या खाऊन जे झालं नाही ते माठाच्या भाजीने झालं, हे मला पटेना. मी हट्टी आहे, आणि कधीकधी त्याचा उपयोग होतो. सोमवारी सकाळच्या गाडीने मी महाडला गेले. ऑपरेशनच्या आधीचे रिपोर्ट आणायचेच होते.

रिपोर्टमध्ये थायरॉइडचा आकडा होता पाच पॉइंट आठ; तो साधारण पाचच्या आत हवा असतो. वर्षापूर्वीचा कागद फाइलमध्ये होता. त्यावर एक्केचाळीस. मी दोन्ही कागद घेऊन बाजारातल्या मेडिकलमध्ये गेले, निशिगंधाची पांढरी गोळी आम्ही तिथूनच घेतो. काउंटरवर नशरा होती. महाडचीच मुलगी, औषधांचं शिक्षण घेतलेली, वडील कुवेतला. मला एरवी ती आवडत नाही, कारण ती गोळी देताना फार प्रश्न विचारते. त्या दिवशी मीच तिला विचारलं, की लाल गोळी बंद करून एखाद्या बाईचं रक्त वाढतं का.

तिने कागद पाहिले आणि विचारलं, आधी दोन्ही गोळ्या कशा घेत होत्या. मी पुडीचं सांगितलं. सवयीने जरा तपशिलात सांगितलं, शालीचंही सांगितलं असेन.

"ताई, त्या दोन्ही गोळ्या एकत्र चालत नाहीत," ती म्हणाली. "लोहाची गोळी पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवते. ती अंगाला लागतच नाही. मध्ये चार तास तरी जायला हवेत."

मी म्हटलं, असं कुठे लिहिलंय. तिने खोक्यातला घडीचा कागद काढला, उलगडला आणि बोट ठेवलं. इंग्रजीत होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. मग तिने मला बाकीचं समजावलं, आणि ते समजायला मला वेळ लागला नाही, कारण तिन्ही वर्षं माझ्याच वहीत होती. थायरॉइडची गोळी लागत नव्हती म्हणून पाळी थांबत नव्हती. पाळी थांबत नव्हती म्हणून रक्त उतरत होतं. रक्त उतरलं की मी लाल गोळी वाढवायची, आणि पांढरी आणखी वाया जायची. निशिगंधाने माझी आज्ञा मोडली आणि पहिल्यांदा पांढरी गोळी तिच्या अंगाला लागली. आता लाल गोळी रात्री वेगळी घेतली तर रक्त नीट भरेल, आणि पाळी अशीच राहिली तर पिशवी काढायचं कारण काय, हे तिने डॉक्टरांना विचारायला सांगितलं. मी तिथल्या स्टुलावर बसले. नशराने न मागता पाणी दिलं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, कारण तालुक्यातल्या सगळ्या आशा माझ्यासारख्या पुड्या बांधत होत्या. दुकानातूनच मी तालुक्याच्या सुपरवायझर बाईंना फोन केला आणि सांगितलं, आजच्या आज सगळ्यांना निरोप द्या, दोन्ही गोळ्या एका पुडीत नकोत. त्या म्हणाल्या, पण ही तर तुमचीच पद्धत. मी म्हटलं, हो, माझीच.

डॉक्टरांकडे दोन तास बसले. त्यांनी कागद पाहिले, गोळ्यांचं ऐकलं आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं का, असं मला विचारलं. तुम्ही तरी कुठे सांगितलंत, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण निशिगंधाचं काम व्हायचं होतं म्हणून गिळलं. ते म्हणाले, थायरॉइड ताब्यात येतंय तर घाई नाही, तीन महिने थांबून बघू. घरच्यांना तुम्हीच समजवा. तारीख त्यांनीच मागितली होती.

परतीच्या गाडीत पोलादपूर येईपर्यंत मी एक सोपी गोष्ट तयार केली. डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलंय, एवढंच सांगायचं. ते खरंच होतं. पुडीचं सांगायची गरज नव्हती. हळूहळू दोन गोळ्या दोन पुड्यांत बांधायच्या, वरून नवा नियम आला म्हणायचं. सरकारचे नियम बदलतच असतात, कुणी विचारत नाही. पुढे जीपमध्येही मी तेच मनात घोळवत होते आणि मला जवळजवळ बरं वाटायला लागलं होतं.

काशीबाई ओटीवर बसली होती. निशिगंधा उंबऱ्याच्या आत सुपात तांदूळ निवडत होती. मी माझी सोपी गोष्ट सांगितली. काशीबाईने मान हलवली, नाही म्हणून. डॉक्टर थांबत असेल तर ती दुसऱ्या डॉक्टरकडे नेणार होती, माणगावला नाहीतर पनवेलला. तिच्या बहिणीलाही मध्ये दोन महिने बरं वाटलं होतं. सगळे म्हणाले होते, पाळी थांबली. आणि तिसऱ्या महिन्यात बहीण गेली. कशाने थांबली हे तेव्हाही कुणाला सांगता आलं नव्हतं.

"आता तरी सांग," ती म्हणाली. "कशानी थांबली? थांबली तर का थांबली?"

निशिगंधाचा हात सुपावर थांबला. माझ्या लक्षात आलं की या बाईला गुरुवारपासून अडवायचं तर दुसरं काहीच चालणार नाही. मी सांगितलं. निशिगंधाने लाल गोळ्या खाल्ल्या नाहीत, आणि म्हणून ती बरी झाली. दोन्ही गोळ्या एकत्र बांधायची चूक माझी. त्याआधी तिने एक दिवस चुकवला नव्हता, आणि ती मी सांगितलेलंच करत होती. हे सांगताना माझा आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही. मी सांगत होते ते बहुतेक शेजारीही ऐकत होते.

काशीबाईने ओटीवरचा शेणाचा एक सुका पापुद्रा नखाने उकरला. मला वाटलं ती शिव्या देईल, आणि ती द्यावी असंच मला वाटत होतं.

"मंग ती दोन गेली ती?" तिने विचारलं. "तीबी त्याच्यानीच?"

हा प्रश्न मी महाडपासून टाळत आले होते. नशराला विचारला नाही, डॉक्टरांना विचारला नाही. थायरॉइड वर असलं की दिवस टिकत नाहीत, हे मी स्वतःच बायकांना सांगत आले आहे.

"ठाऊक नाय, काकी," मी म्हटलं. "असंल."

तेव्हा निशिगंधा बोलली. मान वर केली नाही, हाताने तांदळातले खडे काढणं सुरूच होतं.

"दोन नाय. पयलं गेलं तवा पुडी नव्हती. ताईंचं दुसरंच."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कुणाचं वय चुकीचं सांगितलं तर दुसऱ्याने दुरुस्त करावं, तसं तिने ते दुरुस्त केलं. त्या दुसऱ्या वेळी मीच तिला जीपमधून खाली नेलं होतं, आणि वाटेत धीर देताना म्हटलं होतं, गोळ्या वेळेवर घेतेयस ना, मग देवाच्या मनात असेल तसं. ती तेव्हा हो म्हणाली होती.

काशीबाई उठली आणि आत गेली. आतून तिने राजेशला फोन लावलेला ऐकू आला. गुरुवारी येऊ नको, असं ती सांगत होती. का ते तिने सांगितलं नाही.

मी पिशवीतून तिने शुक्रवारी आणलेला लाल गोळ्यांचा डबा काढला आणि उंबऱ्यावर ठेवला. पांढरी पहाटे उपाशीपोटी, त्यानंतर अर्धा तास चहा नाही. लाल एक, रात्री जेवल्यावर दोन तासांनी, निजताना, पाण्याबरोबर. दोन्हींत चार तासांच्या वर अंतर. मी हे दोनदा सांगितलं. निशिगंधाने सूप खाली ठेवलं, हात पुसले, आणि डबा न उचलता माझ्याकडे पाहिलं.

"नक्की?" तिने विचारलं.

तीन वर्षांत तिने मला हे एकदाही विचारलं नव्हतं.